चोरलेलं शीर्षक, उसना पैलवान

माझ्या हातून आयुष्यात दोन चोऱ्या झाल्या आणि दोन्ही एकाच गोष्टीत झाल्या. पहिली शीर्षकाची. त्या काळी एका नामवंत लेखकाची कादंबरी घरोघरी गाजत होती. तिचं नाव मी जसंच्या तसं उचललं आणि माझ्या नऊ पानी गोष्टीच्या डोक्यावर ठेवलं. दुसरी चोरी माणसाची. आमच्या मुलखात एक पैलवान होता. चांगला जिवंत, खातापिता, सगळ्या जिल्ह्याला ठाऊक असलेला. त्याला मी नावगाव आणि मिशांसकट गोष्टीत आणून उभा केला आणि शेवटी पाडला.

पहिल्या चोरीची मला भयंकर धास्ती होती. दुसऱ्या चोरीबद्दल वाटत होतं, की पैलवान खूश होऊन मला फेटा बांधेल. इतकी अक्कल घेऊन मी रहिमतपुरात पोरांना शिकवत होतो.

खरं सांगायचं तर दोन्ही चोऱ्यांची फूस साताऱ्यातल्या एका छापखानेवाल्याची. लढाई नुकतीच संपली होती, कागद मिळायची मारामार होती, आणि तरीही या गृहस्थाला दिवाळी अंक काढायचा होता. माझी गोष्ट वाचून ते म्हणाले, "मास्तर, गोष्ट बरी आहे. पण तुम्हाला कुत्रं ओळखत नाही. तेव्हा नाव ओळखीचं द्या आणि माणूस ओळखीचा घाला."

मी विचारलं, "असं चालतं का?"

"मोठे लोक राजेमहाराजांना कादंबरीत घालून वाटेल ते बोलायला लावतात. त्यांना कोण विचारतं?"

राजेमहाराजे मेलेले असतात आणि पैलवान कोसभरावर राहतो, हा फरक त्यांनी सांगितला नाही आणि मला सुचला नाही. माझ्या गोष्टीत आधी एक बिननावाचा पैलवान होता. त्याच्या जागी मी खरा आणला. शेवट जोरदार व्हावा म्हणून कडेगावच्या मैदानात पूर्वेच्या दुष्काळी भागातला एक धनगराचा गडी त्याच्यासमोर उभा केला. खांद्यावर घोंगडं टाकून कुस्ती बघायला आलेला हा गडी. तो खाली उतरतो, पैलवानाच्या डाव्या पायाचा पट काढतो आणि त्याला चीत करतो. त्या गड्याला एक नाव दिलं, आमच्या शाळेच्या हजेरीपटावरचं.

पैलवानाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. त्याच्या पाठीला कधी माती लागली नव्हती. कुणी म्हणे तीनशे कुस्त्या, कुणी म्हणे पाचशे, पण पाठ कोरी. आता वय झालं होतं, कुस्ती सोडून तो आपल्या गावच्या जत्रेत पंच म्हणून बसायचा, आणि त्या एका कोऱ्या पाठीच्या जोरावर त्याचा शब्द चार गावांत चालायचा. भावकीतली भांडणं त्याच्यासमोर मिटत. जमीन म्हणाल तर इतरांइतकीच, ऊसही इतरांइतकाच. त्याच्याकडे जे होतं ते एवढंच होतं, आणि मी ते नऊ पानांत काढून घेतलं.

अंक निघाला. मी रोज पोस्टमनकडे चोरासारखा बघायचो. नामवंत लेखकाची नोटीस येणार, मग शाळाखात्याच्या साहेबांचं बोलावणं येणार, नोकरी जाणार, असं सगळं मी मनात रचून ठेवलं होतं. महिन्याभरानं त्यांचं कार्ड आलं. नोटीस नव्हती, दोन ओळी होत्या. शीर्षक उत्तम आहे, गोष्टही तशी असती तर बरं झालं असतं, आणि शीर्षकं कुणाच्या बापाची नसतात तेव्हा खुशाल वापरा, असा एकूण मजकूर. मला इतका राग आला की कार्ड फाडलं. मग तुकडे जुळवून पुन्हा वाचलं. मोठ्या लेखकाचं पत्र घरात असलेलं बरं.

इकडे दुसरी चोरी गावोगाव पोचली होती. आमच्याकडे घराआड एक माणूस पलटणीत. लढाईच्या दिवसांत गावागावात चावडीवर नाहीतर तालमीत वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायची रीत पडली होती. वाचता येणारा एक, ऐकणारे पन्नास. लढाई संपली तरी रीत सुटली नाही. अंकात पैलवानाचं नाव आहे म्हटल्यावर तोही तिथंच वाचला गेला, त्याच माणसाच्या तोंडून, त्याच आवाजात, पलटणींच्या बातम्यांच्या पाठोपाठ. ब्रह्मदेशात रंगून पडलं ते जसं ऐकलं, तसंच पैलवान पडला हेही लोकांनी ऐकलं. छापलंय म्हणजे झालंय. त्यात गोष्ट नावाचा प्रकार असतो हे वाचणाऱ्यालाच माहीत नव्हतं, तर ऐकणाऱ्यांचा काय दोष!

मला हे कळलं सर्व्हिस मोटारीत. कऱ्हाडला निघालो होतो. शेजारी कडेगावचा एक म्हातारा बसला होता. बोलता बोलता त्यानं मला माझीच गोष्ट सांगायला घेतली.

"लय जंगी कुस्ती झाली बघा. पट काढला तसा पैलवान भुईला. हलगीवाला नाचत नाचत मैदानात शिरला, हलगी फुटली त्याची."

मी म्हटलं, "हलगीचं कुठं काही नव्हतं हो."

म्हाताऱ्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमी हुता का तितं? मी हुतो."

हलगी फुटल्याचं मला सुचायला हवं होतं, एवढंच वाटलं. मी त्याला विडी दिली आणि खिडकीबाहेर बघत बसलो.

पुढच्या रविवारी भर दुपारी आमच्या दारात अंधार झाला. पैलवान दारात उभा होता. उंबऱ्यातून आत येताना त्याला तिरकं व्हावं लागलं. मी भिंतीकडे सरकलो. आईला मात्र केवढा आनंद! एवढा मोठा माणूस आपल्या घरी म्हणून तिनं घरात होतं नव्हतं तेवढं दूध तापवून तांब्या भरून त्याच्यापुढं ठेवला.

"आवं पैलवान, घ्या की. घरच्या म्हशीचं हाय."

त्यानं तांब्याकडे पाहिलं आणि हात लावला नाही. आई दोनदा म्हणाली, तो दोनदा "र्‍हाऊ द्या" म्हणाला. दुधाला नको म्हणणारा पैलवान मी पहिल्यांदाच पाहत होतो. आता हा मला मारणार, आणि दूध पिऊन मारणं बरं दिसणार नाही म्हणून पीत नाहीये, अशी माझी समजूत झाली.

आई आत गेल्यावर त्यानं विचारलं, "मास्तर, त्यो गडी कुठं हाय?"

"कुठला?"

"ज्यानं मला पाडला त्यो."

मी सांगायला सुरुवात केली. गोष्ट म्हणजे काय, कल्पना म्हणजे काय, साहित्यात सत्य आणि आभास यांचं नातं काय असतं. पाचेक मिनिटं मी त्याला व्याख्यान दिलं. त्यानं ते शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे असा गडीच न्हाई?"

"नाही. मीच रचला."

"मग डावा पाय कुणी सांगितला?"

मी म्हटलं, "गेल्या जत्रेत तुम्ही पंच म्हणून उभे होतात. सगळा वेळ उजव्या पायावर भार देऊन. मला वाटलं डावा गुडघा अधू असेल. म्हणून डाव्याच पायाचा पट काढायला लावला."

त्यानं डावा गुडघा हातानं चोळला. मग स्वतःशीच म्हणाला, "म्हंजे त्यानं न्हाई सांगितलं."

"कुणी?"

तो उठला, तिरका होऊन बाहेर पडला आणि अंगणातून म्हणाला, "माघात जत्रा हाय. मैदानात या. चार माणसांत सांगा, खोटं लिवलं म्हणून. पूर्वेकडनं रोज मानसं येत्यात, आमचा गडी जिकला, आमचा मान कुठाय म्हणत्यात. दारात बसू देईनात." एवढं बोलून तो गेला. दूध मी प्यालो.

तेव्हा माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. मला चिंता होती ती चार माणसांत उभं राहण्याची. वर्गात पोरांना दम देणं वेगळं आणि जत्रेत हजारभर तालीमबाज लोकांसमोर आपण खोटारडे आहोत हे मोठ्यानं सांगणं वेगळं. आजाराचं सोंग आणायचं असं मी ठरवलं होतं, पण आईनं ऐकलं नाही. "त्या मानसाचं नाव घालवलंस, आता त्याचं त्याला दे," म्हणाली आणि धुतलेलं धोतर काढून दिलं.

मैदानात गेलो तर बातमी आधीच पसरलेली. लहान कुस्त्या थांबवल्या होत्या. एका बाजूला पूर्वेकडचे धनगर घोंगडी पांघरून बसले होते, आणि त्यांच्यात माझ्या गड्यावरून जुंपली होती. माझा गडी आपल्या गावचा असं तीन गावं सांगत होती. एका गावानं तर तो सोबतच आणला होता, एक आडदांड तरणा, जो विचारलं की फक्त मान हलवायचा. दुसऱ्या गावानं त्याला विचारलं, पट उजव्या पायाचा काढलास की डाव्या? त्यानं त्यालाही मान हलवली. सगळं मैदान खदखदलं. मला गंमत वाटायला हवी होती. पण माझ्या निबाच्या पेनानं इतकी माणसं उन्हातान्हात चालत आणली, हे बघून मी गर्दीत लपायला जागा शोधू लागलो.

या सगळ्यांच्या मागं एक म्हातारा धनगर बसला होता. तो भांडत नव्हता. पंचांनी एकेकाला पुढं बोलावलं, तेव्हा सगळ्यात शेवटी तो काठी टेकत आला. त्याचं म्हणणं असं, की त्याला मान नको होता, फक्त विचारायचं होतं.

"माझं पोरगं लढाईत गेलं," तो पैलवानाला म्हणाला. "इटलीत. त्याला कुस्तीचा लय नाद. एका साली आमी हितं रानात खताला मेंढरं बसवली हुती, तवा रोज तुमच्या तालमीत जायाचं. ह्या कागदात धनगराचा गडी लिवलाय म्हंत्यात. मला वाचाया येत न्हाई. त्यो माझाच हाय का, येवढं सांगा."

"मेंढरं कुठल्या रानात बसवली हुती?" पैलवानानं विचारलं.

"तुमच्याच मळ्यात. वड्याकडंच्या."

पैलवानाच्या शेजारच्या पंचानं मला हात केला. मी पुढं झालो. मी एकदाचं सांगून टाकलं, की गोष्ट खोटी आहे, कडेगावात अशी कुस्ती झालेली नाही, तो गडी मी मनानं रचला, असा माणूस कुणीच नव्हता, आणि पैलवानाची पाठ कोरी आहे. चुकलो, माफ करा.

माझ्यावर चपला येतील असं वाटलं होतं. एकही आली नाही. लोक सुटल्यासारखे बोलायला लागले. भांडणारी तिन्ही गावं गप झाली. माझं लक्ष मात्र म्हाताऱ्याकडे गेलं. त्यानं "असं व्हय," म्हणून मान डोलवली, घोंगडं सारखं केलं आणि पाठ फिरवून चालायला लागला. इतकं निमूट वळणं मी कुणाचं पाहिलं नव्हतं. मला माझीच शिसारी आली.

तेवढ्यात पैलवान उठला. डाव्या गुडघ्यावर हात ठेवून उठला, हे सगळ्यांनी पाहिलं.

"थांबा बाबा," तो म्हणाला. "मास्तर खोटं बोलत्यात."

मला वाटलं, आता काय आणखी!

"कागदात लिवलंय ते खरं हाय. ठिकान चुकलंय, कडेगाव न्हवं, माझ्याच तालमीतला मातीचा हौदा. आन् नाव तेवढं चुकलंय. बाकी समदं खरं."

मग त्यानं सांगितलं. त्या साली मोठ्या मैदानाची तयारी चालली होती. तालमीत जोडीदार मिळेना, म्हणून बघत उभ्या राहणाऱ्या धनगराच्या गड्याला त्यानं थट्टेनं हौद्यात ओढलं. दार लावलेलं होतं, दोघांशिवाय कुणी नव्हतं. गड्यानं सलामी दिली आणि डाव्या पायाचा पट काढला. पैलवानाचा गुडघा गेला तो तेव्हा, आणि पाठीला माती लागली तीही तेव्हाच. आमच्याकडे तालमीतली झोंबी हारजितीत धरत नाहीत. तालमीत जे होतं ते तालमीत राहतं. पैलवानानं ते सांगितलं नसतं तरी कुणी त्याला खोटं म्हटलं नसतं. त्याच्याजवळ नियमाचा आडोसा होता.

"मी त्याला येक तांब्या दूध पाजलं," पैलवान म्हणाला, "आन् शपथ घातली, बोलू नगंस म्हणून. येवढ्या दुधावर पोरगं गप बसलं. बापालासुदिक बोललं न्हाई. मरंस्तवर."

मला आमच्या घरातला तांब्या आठवला. तो का हलला नव्हता हे आत्ता कळलं. पुस्तकं वाचून माणसं कळतात असं सांगत मी हिंडत होतो, आणि समोर बसलेला माणूस दूध का पीत नाही हे मला कळलं नव्हतं.

म्हातारा वळून उभा होता. "तरीच," तो म्हणाला. "येक दिस दात काढत आला, रातभर हासत हुता. काय झालं म्हटलं तर न्हाई म्हनाला. मी म्हटलं, ह्याला याड लागलं."

पैलवानानं स्वतःच्या डोक्याचा फेटा सोडला आणि म्हाताऱ्याला बांधला. मग मला म्हणाला, "मास्तर, त्याचं नाव काय हुतं ते यांना इचारून घ्या. फुडच्या टायमाला बरोबर लिवा." मी सगळ्यांसमोर ते नाव लिहून घेतलं. गोष्ट लिहिली तेव्हा खोटारडा ठरलो, ती खोटी आहे हे खरं खरं सांगितलं तेव्हाही खोटारडा ठरलो. अशी कामगिरी फार थोड्या लेखकांना जमली असेल.

चार गावांत पैलवानाचा शब्द त्यानंतर चालेनासा झाला, असं सांगता आलं असतं तर गोष्ट करुण झाली असती. तसं काही झालं नाही. शब्द चालायचा तो चालतच राहिला. मात्र पुढच्या जत्रेत पोरं "पाठ बघू की पैलवान" असं मागून ओरडली, तेव्हा त्याचा चेहरा पडलेला मी पाहिला. त्यानं किंमत मोजली. फक्त ती मोठ्यानं बोलून दाखवली नाही.

दोन वर्षांनी माझ्या गोष्टींचं पुस्तक निघालं. आता मी शहाणा झालो होतो. छापखानेवाल्यांनी एका वकिलाला विचारलं, वकिलानं नकाराची मान हलवली, आणि आम्ही पैलवानाचं नाव, गाव, मिशा सगळं काढून टाकलं. त्या जागी एक गुळमुळीत नाव घातलं. चोरलेलं शीर्षकही काढलं आणि तिथं त्या गड्याचं खरं नाव छापलं. सगळ्या गोष्टीत तेवढं एक नाव खरं. पुण्याच्या एका टीकाकारांनी लिहिलं, की पैलवानाचं चित्र प्रत्यक्ष पाहून काढल्यासारखं वाटतं, पण धनगराचा गडी मात्र लेखकानं सोयीसाठी रचलेला दिसतो. मी ते कात्रण जपून ठेवलं आहे.

पुस्तक घेऊन मी पूर्वेकडे म्हाताऱ्याच्या वाडीवर गेलो. उत्साह होताच, आणि चार शब्द कौतुकाचे कानावर पडावेत ही इच्छाही होती. तो बाभळीखाली लोकर पिंजत बसला होता. मी गोष्टीचं पान काढून त्याचं बोट धरून पोराच्या नावावर ठेवलं. त्यानं अक्षरं चाचपली.

"आन् पैलवानाचं कुठाय?" त्यानं विचारलं.

"त्यांचं नाव काढलं. दुसरं घातलंय."

"का?"

मी कायद्याचं सांगितलं. अब्रूचं सांगितलं. मग खऱ्या माणसांची नावं गोष्टीत घालणं कसं बरं नव्हे, माझी ती कशी चूक होती, हे सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. पैलवानानं माझं व्याख्यान ऐकून घेतलं होतं तसंच.

"मास्तर," तो म्हणाला, "मग माज्या पोरानं पाडलं कुणाला?"

त्यानं पुस्तक मिटून माझ्या मांडीवर ठेवलं आणि पुन्हा लोकर पिंजायला लागला. मी खिशातलं पेन काढलं, पुस्तक उघडलं, आणि जिथं जिथं ते गुळमुळीत नाव होतं तिथं तिथं ते खोडून वर पैलवानाचं नाव लिहीत गेलो, गावासकट.